गोळ्या न देणाऱ्या अण्णांस

सोलापूर

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

पूर्व भागातील आपल्या औषध दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असते, त्यामुळे ऐन एप्रिलमध्ये ओटीपोट धरून आलेली आणि मागच्याच गोळ्यांची पट्टी मागणारी बाई आपल्या लक्षात असेलच असे नाही. आपण पट्टी ड्रॉवरमधून काढलीत, चिठ्ठीवरची जुनी तारीख पाहिलीत, पट्टी पुन्हा आत ठेवलीत आणि म्हणालात, “ताई, आधी लघवीचे कल्चर करा, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का ते कळेल. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर तपासणीत जंतू सापडायचे नाहीत.” त्या नकाराबद्दल हे आभाराचे पत्र.

त्याआधी बरेच दिवस लघवीला जळजळ होत होती, थोडी थोडी लघवी सारखी येत होती आणि अधूनमधून उजव्या पाठीतून जांघेपर्यंत कळ उतरत होती. पारा चाळिशीपार गेला की आपल्याकडे अशा त्रासाला “उन्हाळी लागली” म्हणतात आणि धने-जिऱ्याच्या पाण्यावर भागवतात. एका दवाखान्यात तर लघवी न तपासताच गोळ्या लिहून मिळाल्या होत्या. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब पाहते; तेथील स्वच्छतागृहात जाणे नको वाटते, म्हणून आम्ही बायका पाणीच बेताने पितो. दिवसाकाठी किती पाणी पिता, हे मला सर्वप्रथम आपण विचारलेत, तेही गिऱ्हाइके खोळंबलेली असताना आणि आवाज खाली आणून.

आपण दिलेली निर्जंतुक बाटली आणि कागदी पिशवीवर लिहिलेल्या सूचना, म्हणजे पहिली धार सोडून मधली धरावी, बाटलीच्या आत बोट लावू नये, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा, या मला कोणत्याही फाइलपेक्षा उपयोगी पडल्या. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, परंतु साध्या तपासणीत लघवीत रक्तपेशी दिसल्या. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडाला किंचित सूज होती आणि मुतखडा मात्र कोठेच दिसला नाही. मूत्रविकारतज्ज्ञांनी समजावले की मूत्रवाहिनीच्या, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या, खालच्या टोकाशी अडकलेला लहान खडा सोनोग्राफीत पुष्कळदा निसटतो आणि मूत्राशयाच्या तोंडाशी बसला तर जंतुसंसर्गासारखीच जळजळ करतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. त्यांनी वेदनाशामक आणि मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी दिली व लघवी गाळून पाहण्यास सांगितले. गाळणीत काही सापडले नाही, पण कळ थांबली आणि पुढच्या सोनोग्राफीत सूजही नव्हती. खडा होता की नव्हता, हे त्यामुळे अनिर्णितच आहे. जळजळ अजून कधीतरी डोके वर काढते. ती पुन्हा वाढली तर सीटी स्कॅन करायचे ठरले आहे.

नातेवाइकांनी हुलग्याच्या पाण्यापासून पानफुटीपर्यंत सर्व सुचवले आणि दूध बंद करण्याचा आग्रह धरला. त्यावर, बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असले तरी दूध-दही तोडू नये, कारण जेवणातले कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते आणि ते लघवीत कमी उतरते, हे आपलेच म्हणणे डॉक्टरांनीही सांगितले. शेंगदाण्यात ऑक्झलेट बरेच असते हे ऐकून मात्र जीव खाली-वर झाला. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडायची म्हणजे काय! आता चटणी चिमूटभर आणि दही वाटीभर, अशी तडजोड केली आहे. मीठ कमी केले आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी पिते, मात्र कळ चालू असताना घटाघटा पाणी प्यायल्याने खडा ढकलला जात नाही, उलट दुखणे वाढू शकते, हेही शिकले.

आपण पिशवीच्या तळाशी अधोरेखित केलेली ओळ, “थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात किंवा लघवी अडली, तर दुकानात नव्हे, थेट रुग्णालयात”, मी कारखान्याच्या फळ्यावर जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेतू शकतो, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते.

एक विनंती आहे. त्या बाटल्या आपण काउंटरखाली ठेवता. त्या समोर, दिसतील अशा मांडाव्यात. पुरुष गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती मागणे आमच्यापैकी अनेकींना जड जाते, समोर असली तर बोट दाखवून घेता येईल.

आपली ऋणी,
पट्टी न मिळालेली गिऱ्हाईक