वलवाडीकडच्या नव्या वस्तीत घर थाटायचं आहे : खानदेशातल्या सर्व मंडळ्यांना आवाहन

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सर्व बंधुभगिनींना सलाम.

धुळ्यातली आपली मंडळी येत्या जूनपासून पांझरा नदीपलीकडे, देवपूरच्याही पुढे वलवाडीकडे वाढलेल्या नव्या वस्तीत काम सुरू करत आहे. एक भाड्याचं घर, त्यात पाळकांचं कुटुंब, आणि रविवारी त्याच घराच्या पुढच्या खोलीत उपासना. सध्या एवढंच. त्यासाठी दोन वर्षं पुरेल इतका पैसा, थोडं सामान आणि त्या भागात राहायला येतील अशी काही कुटुंबं हवी आहेत. कुटुंबं सगळ्यात आधी हवी आहेत. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण आवाहन म्हटलं की लोक मधला मजकूर सोडून खाते क्रमांक शोधायला लागतात.

तिकडेच का, असं पुष्कळांनी विचारलं. गावातलं आपलं चर्च भरलेलं असतं, हे खरं. पण भरलेलं असतं ते जुन्या घरांनी. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सरकारी नोकरीतली आपली बरीच घरं बदली घेऊन तिकडे गेली. त्यांच्या जागी आता त्यांचीच नातवंडं परत येत आहेत, शिकायला. नवापूर, साक्री, अक्कलकुवा, धडगाव भागातली गावित, वसावे, वळवी, पाडवी घरांतली ही मुलं देवपुरातल्या कॉलेजांमध्ये प्रवेश घेतात आणि त्यांच्या मागच्या वसाहतींत खोल्या करून राहतात. एका खोलीत चौघं, एक शेगडी, दोन गाद्या. कोणी मावची बोलतं, कोणी पावरी, कोणी कोकणी, आपसात मराठी. पहिल्या महिन्यात ती नदी ओलांडून दर रविवारी चर्चला येतात. मग रिक्षाचं भाडं जड होतं, परीक्षा लागतात, आणि मागच्या बाकावरचा मुलगा दिसेनासा होतो. घरून आईचा फोन येतो, "आमचा पोरगा चर्चला येतो ना?" आणि मंडळीच्या सेक्रेटरींना काय उत्तर द्यावं ते कळत नाही.

मुलांशिवायही माणसं आहेत. दवाखान्यांतल्या नर्स, जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, महामार्गावरच्या हॉटेलांत आणि गोदामांत काम करणारी घरं. प्लॉट स्वस्त मिळाले म्हणून काहींनी तिकडे बांधलं, काही भाड्याने आहेत. यांतली काही आपल्या मंडळीची, काही दुसऱ्या मंडळ्यांची, आणि काही अशी की ज्यांना अजून कोणीच विचारलेलं नाही.

एक प्रस्ताव असाही आला होता की आधी प्लॉट घ्यावा, चार भिंती आणि क्रूस उभा करावा, माणसं आपोआप येतील. पंचकमिटीत यावर बराच खल झाला. आमचं स्पष्ट मत असं की माणसं आपोआप येत नाहीत. अशा इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पायाभरणीला मांडव, उद्घाटनाला मांडव, आणि मग कुलूप. शिवाय शेजाऱ्यांना आपली पहिली ओळख एखाद्या बांधकामाने व्हावी, हेच मुळात पटत नाही. नवापूरकडे शंभर वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली, त्यांनाही आधी लोकांची बोली शिकावी लागली, औषधपाणी करावं लागलं. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे आणि तिथल्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं बसतात. आपल्याकडे बंगला नाही, जीप नाही, दवाखाना नाही. एका अर्थी ते बरंच आहे. शेजाऱ्यासारखंच भाड्याच्या घरात राहायचं, त्याच्यासारखीच पाण्याची वाट बघायची.

जे पाळक जाणार आहेत ते तरुण आहेत, आणि पाळकपणाचं शिक्षण घेण्याआधी त्यांनी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला आहे. हे इथे सांगण्याचं कारण, घर बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. दोन-तीन ठिकाणी बोलणं छान चाललं होतं. "पाळक आहेत, रविवारी पंधरा-वीस माणसं प्रार्थनेला जमतील," असं सांगितल्यावर "मुलगा पुण्याहून येणार आहे, खोली लागेल" असं उत्तर मिळालं. राग धरण्यासारखं त्यात काही नाही. ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर बांधलं तो माणूस विचार करणारच. शेवटी एका ठिकाणी मालक अंगणात कूलर उघडून बसले होते. एप्रिलचा शेवट, पारा बेचाळीसच्या वर. बोअरचं पाणी जड, त्यामुळे पंपाला क्षार बसून तो जाम झाला होता. पाळकांनी खाली बसून पंपाची जाळी काढली, लिंबाची फोड मागून घेतली, पंखा घासला, वायरचा सुटलेला सांधा जोडला. पाणी वर चढून वाळ्याच्या ताट्यांवर पडायला लागलं तशा मालकांच्या सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कथाईन उनात तुम्ही?" (कुठून आलात तुम्ही?) पुढचं सगळं बोलणं अहिराणीत झालं. पाळक कोण, घर कशाला हवं, रविवारी काय होणार, हे सगळं स्पष्ट सांगितलं. मालकांची अट एकच : गेटसमोर गाड्या लावायच्या नाहीत. अकरा महिन्यांचा करार होईल, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती रीतसर दिली जाईल.

पाळकांनी हातात पाना-पक्कड घ्यावी का, यावरही काही ज्येष्ठांनी नापसंती दाखवली. त्यांनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय काढून बघावा. करिंथात प्रेषित पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर तंबू शिवत होता. आठवड्यातले तीन दिवस पाळक वायरिंग-दुरुस्तीची कामं करतील, ती कमाई त्यांच्या घराची. त्यांच्या पत्नी शिवणकाम करतात; ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश यांना वस्तीत मागणी आहे. तरीही नव्या जागी गिऱ्हाईक जमायला वर्ष जातं, म्हणून मानधन लागेलच.

वस्तीत कसं राहायचं, हे पंचकमिटीने ठरवून लिहून ठेवलं आहे, आणि देणाऱ्यांना ते माहीत असावं. दारावर मंडळीचा बोर्ड लागणार नाही, पण कोणी विचारलं तर पाळक आपण कोण ते लपवणार नाहीत. लाऊडस्पीकर नाही. ढोलकी, टाळ आणि एक पेटी एवढ्यावर भजनं होतात, आणि त्यांसाठीही ओरडायची गरज नाही. घरोघर पत्रकं वाटायची नाहीत. संध्याकाळी मागच्या खोलीत अभ्यासिका चालेल. तिथे कोणाचंही मूल येईल, आणि अभ्यासाला आलेल्या मुलाला प्रार्थनेला बसवायचं नाही. आजारपणात, अडचणीत मदत करायची ती शेजारी म्हणून. तिच्या बदल्यात कोणाकडून काही कबूल करून घ्यायचं नाही. ज्याला उपासनेला यावंसं वाटेल तो आपल्या मर्जीने येईल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शेजारून सांजोऱ्या आल्या तर आनंदाने घ्यायच्या, नाताळात करंज्या पाठवायच्या. वस्तीत पाण्याच्या टँकरसाठी वर्गणी निघाली, रस्त्याच्या दिव्यासाठी अर्ज गेला, तर त्यात आपली सही आणि आपला वाटा पहिल्या पाचांत असला पाहिजे. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहून घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं हित बघा असंच सांगितलं होतं. ते तर परकं नगर होतं. धुळं तर आपलंच गाव आहे.

आता पैशाचं. घरभाडं महिना ९,५०० रुपये, म्हणजे दोन वर्षांचं २,२८,०००. अनामत ५०,००० रुपये. ती परत मिळणारी आहे आणि मिळाल्यावर याच कामाच्या खात्यात राहील. पाळकांचं मानधन महिना १४,०००. त्यातले ८,००० आपली मंडळी दशांशातून, म्हणजे सभासद कमाईचा दहावा भाग देतात त्यातून देईल, उरलेल्या ६,००० चे दोन वर्षांचे १,४४,००० होतात. वीजबिल आणि टँकर धरून महिना २,००० प्रमाणे ४८,०००. सामानासाठी ६०,०००. एकूण ५,३०,००० रुपये. यातले १,७०,००० मंडळीने कापणीच्या सणाला अर्पण आलेल्या पिकांच्या लिलावातून आणि महिला मंडळाच्या बचतीतून उभे केले आहेत. एका बहिणीने लिलावात एक डांगर कितीला घेतलं हे सांगितलं तर तिचे यजमान रागावतील, म्हणून सांगत नाही. राहिले ३,६०,०००. पन्नास घरांनी दोन वर्षं दरमहा ३०० रुपये दिले तर हिशेब पुरा होतो. एकरकमी मोठं दान आलं तर नको म्हणणार नाही, पण आम्हाला पन्नास घरं जास्त आवडतील. जो दर महिन्याला देतो तो दर महिन्याला विचारतोही, काय चाललंय म्हणून. भाडं वाढलं तर वाढीव रक्कम मंडळी स्वतः भरेल. नवापूर-साक्रीकडच्या ज्या घरांना रोख देणं अवघड आहे त्यांनी तूर, भात द्यावा; त्याची पावती धान्याच्या वजनाची मिळेल.

थोडं कायद्याचंही सांगितलेलं बरं. आपली संस्था धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे; हिशेब दरवर्षी ऑडिट होतो आणि तो कोणालाही बघता येईल. या दानावर आयकरात ८०-जी ची सवलत मिळणार नाही, कारण एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या कामाला ती लागू होत नाही. विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० खाली आपली नोंदणी नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून एक रुपयाही घेता येणार नाही, भले ते याच मंडळीत लहानाचे मोठे झालेले असोत. मुलगा दुबईत नोकरीला आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याच्या स्वतःच्या कमाईतलं दान बँकेमार्फत चालतं. पासपोर्टची प्रत सोबत द्यावी. खाते क्रमांक मंडळीच्या कार्यालयातून किंवा आपल्या पाळकांकडून प्रत्यक्ष घ्यावा. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या कुठल्याही क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका, तो आमच्या नावाचा असला तरी. आणि पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात रोख देऊ नका; पंचकमिटीच्या सदस्याच्याही नाही.

सामानात हवं ते असं : सहा मोठ्या सतरंज्या, अभ्यासिकेसाठी जमिनीवर बसून लिहायची डेस्कं, एक लोखंडी कपाट, पाणी साठवायला पाचशे लिटरची टाकी, इन्व्हर्टर आणि दोन कूलर. कूलर जुने चालतील, दुरुस्त करणारा घरातच आहे. बाकी मोडक्या खुर्च्या, फाटक्या गाद्या आणि दहा वर्षांपूर्वीची गाइडं कृपया पाठवू नका. मागच्या वेळी कपडे मागितले तेव्हा काय काय आलं होतं ते महिला मंडळाला विचारा.

राहता राहिली माणसं, म्हणजे मूळ मुद्दा. ज्यांची मुलं-मुली यंदा देवपुरात कॉलेजला येणार आहेत त्यांनी खोली शोधताना आधी आम्हाला कळवावं. त्या भागात मुलींसाठी सुरक्षित घरगुती जागा बघून ठेवायचं काम महिला मंडळाच्या दोन बहिणींनी अंगावर घेतलं आहे. ज्यांची धुळ्याला बदली झाली आहे, शिक्षक असोत, नर्स असोत, एसटीतले असोत की पोलिसांतले, त्यांनी गावात जागा बघण्याआधी एकदा ही वस्ती बघावी. मुलांचं कॉलेज संपेपर्यंत का होईना, तीन-चार कुटुंबं शेजारी राहिली तर पाळकांच्या घरावर सगळा भार पडणार नाही. एकटं कुटुंब नव्या जागी थकतं, आणि पाळकांचं कुटुंब थकलं की ते कोणाला सांगतही नाही. ज्यांना राहायला येणं जमणार नाही त्यांनी महिन्यातला एक रविवार तिकडच्या उपासनेला द्यावा. भुसावळ-जळगावकडच्या मंडळ्यांतून गणित आणि इंग्रजी शिकवू शकणारं कोणी शनिवारी येऊ शकलं तर अभ्यासिकेला फार मदत होईल; येण्याजाण्याचं भाडं मंडळी देईल.

सामान १५ जूनपर्यंत, शनिवारी दुपारी तीननंतर गावातल्या चर्चमध्येच आणून द्यावं. थेट नव्या घरी टेम्पो नेऊ नये. गेटसमोर गाडी लावायची नाही असं आपण कबूल केलं आहे.

आपले नम्र,
पंचकमिटी व महिला मंडळ, धुळे