सकाळी चरबी काढून दुपारी इंजेक्शन, मग थ्रीडी कल्चर झालं कधी?

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला चरबीतल्या स्टेम सेल (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी) थ्रीडीमध्ये, म्हणजे सपाट न पसरता गोळे करून, वाढवण्यावरचा लेख वाचला. लेख तसा चांगलाय, त्या गोल गोल गोळ्यांचे फोटो तर मस्तच, पण शेवटी ते "गुडघेदुखीवाल्यांना आता ऑपरेशनची गरज नाही" वगैरे कशाला घुसवलं? पेपर सकाळी सातला येतो, साडेआठला साताऱ्याहून मावशीचा फोन. "अगं तू याच लाइनमध्ये होतीस ना, मग मला कधी बोलली नाहीस ते?" तिच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलीय, डॉक्टरांनी बदलायला सांगितलेत, आणि हिच्या हातात चरबीतल्या स्टेम सेल गुडघ्यात टोचणाऱ्या एका क्लिनिकचं पत्रक आहे ज्यावर जवळपास तसलाच फोटो आहे. आता तिला पेपरनेही होकार दिला!

मी लग्नाआधी आणि नंतर मिळून सात वर्षं सेल कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या, लॅबमध्ये काम केलंय, सायंटिस्ट वगैरे नाही, हूडसमोर (जंतू येऊ न देणाऱ्या काचेच्या कपाटासमोर) बसून फ्लास्क सांभाळणारी. म्हणून लिहितेय.

लायपोसक्शनची चरबी लॅबमध्ये येते ती पिवळी, थोडी रक्ताळलेली, पातळ खिचडीसारखी दिसते. ती सलाइनने धुवायची, मग कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम घालून ३७ डिग्रीला हलवत ठेवायचं म्हणजे पेशींना धरून ठेवणारं जाळं सुटतं, आणि मग सेंट्रिफ्यूज. चरबीच्या पेशी वर तरंगतात, दुधावर साय धरते तशा, आणि तळाला चिमूटभर लालसर गाळ बसतो. आपल्याला हवा असतो तो गाळ. गंमत म्हणजे ही पद्धत मुळात मार्टिन रॉडबेल यांची, १९६४ साली उंदरांच्या चरबीवर केलेली, आणि त्यांना हवी होती ती वरची साय! खालच्या गाळात हाड, कुर्चा, चरबी अशा वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकणाऱ्या पेशी असतात हे माणसाच्या चरबीत २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तोपर्यंत ती चरबी कचऱ्यातच जायची.

पण गाळ म्हणजे स्टेम सेल नव्हेत हं. त्यात रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी असतात, बरंच काय काय, आणि त्या गर्दीत स्टेम सेल थोड्याच. त्या वेगळ्या करायच्या तर फ्लास्कमध्ये टाकून चिकटू द्यायच्या, बाकीच्या धुवून काढायच्या, दोनतीन दिवसांनी मीडिया (पेशींचं पोषक पाणी) बदलायचा, फ्लास्क भरत आला की सोडवून दुसऱ्यात. याला पॅसेज म्हणतात. आठवडे जातात यात, आणि मधेच बुरशी लागली की सगळं ब्लीचमध्ये ओतून पहिल्यापासून सुरू, मी रडलेय यावर.

आता थ्रीडी कशाला? तर फ्लास्कचं प्लास्टिक हे पेशीच्या दृष्टीने फरशीपेक्षा वेगळं नाही. शरीरात ती लोण्यासारख्या मऊ जागेत चारी बाजूंनी शेजारी घेऊन बसलेली असते आणि इथे आपण तिला कडक जमिनीवर पोळीसारखी पसरतो. ही नुसती उपमा नाही, २००६ मध्ये अमेरिकेत अॅडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांच्या टीमने बोनमॅरोच्या स्टेम सेल कमीजास्त कडक जेलवर वाढवून दाखवलं की मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या न्यूरॉनसारख्या व्हायला लागतात, स्नायूइतक्यावर स्नायूसारख्या आणि जास्त कडक जेलवर हाडाच्या वाटेला. खालची जमीन कशी आहे यावरून पेशी ठरवते काय व्हायचं!

त्यातली सगळ्यात साधी पद्धत म्हणजे लटकता थेंब. पेट्री डिशच्या झाकणावर वीसपंचवीस मायक्रोलिटरचे थेंब टाकायचे, प्रत्येकात काही हजार पेशी, आणि झाकण उलटं करायचं. थेंब पडत नाही, पेशी खाली त्याच्या पोटात गोळा होतात आणि चिकटायला दुसरं काही नसल्यामुळे एकमेकींना धरतात. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक गोळा तयार. थेंबात पेशी वाढवायची ही युक्ती १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या चेतापेशींसाठी वापरली होती, म्हणजे फार काही नवीन नाही. आता न चिकटणाऱ्या प्लेट आल्यात, अल्जिनेटचे जेल आलेत, मोठ्या प्रमाणासाठी फिरते फ्लास्क आलेत.

या गोळ्यात मधल्या पेशींना ऑक्सिजन कमी मिळतो, त्यामुळे त्या नवीन रक्तवाहिन्यांना बोलावणारे पदार्थ जास्त सोडतात, व्हीईजीएफ वगैरे, आणि याच कारणाने जखमा भरण्यासाठी यांच्याकडे आशेने बघतात. पण ऑक्सिजन आत झिरपतो तो साधारण १०० ते २०० मायक्रॉन, केसाच्या एकदोन जाडीएवढा, त्यामुळे गोळा मोठा झाला की मधल्या पेशी मरतात. कुर्चेचं तर अजून अवघड, कुर्चा करायला लावलेल्या पेशी काही आठवड्यांनी हाडाकडे वळायला लागतात आणि गुडघ्यात हाड कोणाला पाहिजे. हे सगळं तुमच्या लेखात कुठंय?

तर मावशी. मी तिला म्हटलं क्लिनिकला फोन करून एवढंच विचार, चरबी काढल्यावर इंजेक्शन किती दिवसांनी देणार. उत्तर आलं, "काकू, सकाळी या, संध्याकाळी घरी." झालं. म्हणजे पत्रकावर फोटो थ्रीडी गोळ्यांचा आणि गुडघ्यात जाणार तो तळाचा गाळ, कल्चर झालेलंच नाही कारण वेळच नाही ना हो.

आणि कल्चर खरंच केलं तर ते आपल्याकडच्या २०१९ च्या औषध नियमांत सरळ नवीन औषध ठरतं, परवानगी लागते. आयसीएमआरची (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची गाइडलाइन पण स्पष्ट आहे, रक्ताच्या आजारांसाठीचं बोनमॅरो वगैरे ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल फक्त मान्यता असलेल्या ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. मावशीला एका गुडघ्याचे दीड लाख सांगितले होते.

कोणी म्हणेल आपलीच चरबी, तिने काय होणार. अमेरिकेत फ्लोरिडात २०१५ मध्ये ७२ ते ८८ वयाच्या तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटातल्या चरबीच्या "स्टेम सेल" टोचल्या, प्रत्येकी ५००० डॉलर घेऊन, तेही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींची नजर गेली. त्यातली निदान एक तरी रिसर्च समजून गेली होती, आणि सरकारी वेबसाइटवर ट्रायल म्हणून नावही होतं, त्यामुळे नुसता रजिस्ट्रेशन नंबर दाखवला म्हणूनही हुरळून जायचं कारण नाही.

मी या विषयाच्या विरोधात नाही, उलट जीव आहे माझा त्यात. नीट वाढवलेल्या, नीट तपासलेल्या पेशींचं औषध झालंय. क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेच्या आजाराच्या) पेशंटच्या फिस्टुलासाठी, म्हणजे भगंदरासाठी, चरबीतल्या स्टेम सेलचं अलोफिसेल युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालं, एका डोसमध्ये १२ कोटी पेशी! पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला, नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसला नाही, आणि २०२४ संपता संपता ते बाजारातून काढून घेतलं. मंजूर झालेल्या औषधाची ही गत, तर लटकत्या थेंबातल्या गोळ्याबद्दल आत्ताच "ऑपरेशनची गरज नाही" कसं छापता?

एवढंच करा, पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की हे अजून लॅबमधलं काम आहे. मावशी कोपऱ्यातला खुलासा वाचत नाही, चष्मा लागतो.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे