गुप्तकाशीला भेटलेल्या कॅशियरकाकांना

काका, सा. न.

केदारनाथच्या वाटेवर, गुप्तकाशीच्या एटीएमच्या रांगेत तुमच्या पुढे उभी होते ती मी, आणि पांढऱ्या टोपीतले ते माझे वडील, आबा. तुमचं नाव विचारायचं गडबडीत राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

मशीननं नोटा मोजल्याचा आवाज केला, पण पैसे बाहेर आलेच नाहीत. पाठोपाठ आबांच्या मोबाइलवर १०,००० रुपये वजा झाल्याचा मेसेज. यात्रा लेकीच्या पैशानं नाही, स्वतःच्या कमाईनं करायची, म्हणून दोन वर्षं सोयाबीनच्या पट्टीतून आबांनी बाजूला ठेवलेले ते पैसे होते. आबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून माझं डोकं चालेना. कुणीतरी "लाइए, मैं निकाल देता हूँ" म्हणत कार्डासाठी हात पुढं केला आणि मी ते देणारच होते.

"थांब गं पोरी. कार्ड कुणाच्या हातात द्यायचं नाही."

परमुलखात मराठी ऐकून मला रडूच आलं.

पुन्हा पैसे काढायची घाई करू नकोस म्हणालात. पावती घ्यायला लावलीत, आणि तिची शाई उडते म्हणून तिथल्या तिथे फोटोही काढायला लावलात. तक्रार मशीन ज्या बँकेचं आहे तिथं नाही, कार्ड ज्या बँकेचं आहे तिथं करायची, हे मला ठाऊकच नव्हतं. कार्डामागच्या नंबरवर फोन लावून तुम्ही माझ्याशेजारी उभे राहिलात. मग आबांना समजावून सांगितलंत, की रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे: असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप खात्यात यायला हवेत, नाही आले तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. नियम सांगताना तुम्ही माझ्याकडं नाही, आबांकडं बघत होतात. पैसे त्यांचे होते ना.

पण वर जायला रोकड तर हवीच होती. मशीन तोवर बंद पडलेलं, दुसऱ्यात नोटा नव्हत्या. तुम्ही रांग सोडून आम्हाला ग्राहक सेवा केंद्रात घेऊन गेलात. आधार खात्याला जोडलेलं असलं की अंगठा लावून तिथं पैसे मिळतात. तिथं आबांचा अंगठा उठेना. एकदा, दोनदा, तीनदा. आबांनी हात मागं घेतला, धोतराला पुसला, पुन्हा पुढं करायला तयार होईनात. तुम्ही थर्मासातलं गरम पाणी त्यांच्या हातावर घातलंत, स्वतःच्या मफलरनं एकेक बोट कोरडं केलंत आणि म्हणालात, "माझ्या काउंटरवर ३२ वर्षं असल्याच हातांनी पैसे भरलेत, आबा. आता मधलं बोट लावा बरं."

मधलं बोट पहिल्याच फटक्यात लागलं. ८,००० रुपये मिळाले. तुम्ही १००-१००च्या नोटा मागून घेतल्यात, निम्म्या आबांच्या कोपरीच्या खिशात आणि निम्म्या माझ्या सॅकमध्ये ठेवायला लावल्यात. खाली तुमची बस हॉर्न वाजवत होती.

गौरीकुंडापासून १६ किलोमीटरची चढण. भीमबळीच्या पुढं पावसानं गाठलं आणि मोबाइलची रेंज गेली. फोनवरून पैसे द्यायची सोयच उरली नाही. लिंचोलीच्या अलीकडं आबांना दम लागला, पाय उचलेना. घोडेवाल्याला त्या नोटा मोजून दिल्या आणि आबा घोड्यावर बसले. नसत्या तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो, काका.

देवळासमोर आबांनी हात जोडले तेव्हा आमच्या घरच्या सगळ्यांची नावं घेतली. शेवटी म्हणाले, "आणि त्या बँकेतल्या पाहुण्यालाही सुखी ठेव."

चौथ्या दिवशी, परतीच्या गाडीत, १०,००० जमा झाल्याचा मेसेज आला. आबांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

ती पावती आबांनी केदारच्या अंगाऱ्याच्या पुडीत जपून ठेवली आहे. शाई उडून ती आता अगदी कोरी झाली आहे, पण टाकू देत नाहीत. तुमचा मफलर त्या दिवशी ओला झाला होता, वर थंडी फार होती. तुम्हाला त्रास नाही ना झाला, हे आबा अजून विचारतात.

तुमची,
आबांची लेक