रात्रीच्या बसचा ड्रायव्हर कधीपासून जागा आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात केलेल्या एका प्रवासाबद्दल लिहीत आहे. सकाळी सातला घर सोडले. पहिली गाडी वाटेत बंद पडली आणि तिच्या बदल्यात आलेली दुसरी रडतखडत चालली. संध्याकाळी उतरले तेव्हा दिवसभरात जेमतेम निम्मे अंतर कापले होते. पुढची रात्रीची बस आठची होती, ती पावणेअकराला आली. तोवर बसायला जागा नाही, धड कोणी काही सांगत नाही. बॅगेवर बसून सगळे रस्त्याकडे डोळे लावून होते. तक्रार मात्र या उशिराची नाही. रस्त्यावर उशीर होतो, तो समजून घेता येतो.

बस आली तशी सगळ्यांची एकच घाई उडाली. ड्रायव्हर खाली उतरून नळावर तोंड धुवायला गेला, तर मागून हाका सुरू झाल्या, "चला हो, आधीच तीन तास गेलेत!" त्यात माझाही आवाज होता. तो ओल्या हातांनीच परत आला, पँटला हात पुसले आणि स्टिअरिंगवर बसला. मला सीट मिळाली, दिवे मालवले आणि दोन मिनिटांत डोळा लागला.

साडेतीनच्या सुमारास जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. बाहेर गडद अंधार. केबिनमध्ये क्लीनर उभा होता, ड्रायव्हर दारात वाकून बाटलीतले पाणी डोळ्यांवर मारत होता. मी पुढे जाऊन विचारले, "दादा, झोप येतेय का?" तो आधी नाहीच म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मावशी, सकाळी साडेनऊला गाडी हातात घेतलीय. माझी ड्यूटी तुम्ही चढलात तिथेच संपते. पण गाडीला उशीर झाला म्हणून रात्रीच्या माणसाला दुसरीकडे पाठवलं."

म्हणजे अठरा तास. तेही फक्त गाडीवरचे, घरून उठून आला ते वेगळेच.

सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिसाद देण्याची क्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे अभ्यासांत दिसून आले आहे. कित्येक देशांत तेवढे मद्य आढळले तरी ड्रायव्हरवर कारवाई होते. जागरणाला मात्र श्वास फुंकून बघायचे यंत्र नाही. त्यात मध्यरात्रीनंतर दोन ते सहा ही शरीराच्या घड्याळातली सर्वांत झोपाळू वेळ. ताशी 80 किलोमीटरने धावणारी बस चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ 90 मीटर पुढे जाते. तेवढे अंतर ती कोणाच्याही नजरेशिवाय कापते. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे याने चार-दोन मिनिटे बरे वाटते, झोप काही जात नाही. झोपेवर इलाज झोपच.

म्हणून आम्ही काही जणांनी गाडी उभी ठेवायला सांगितले. तो मागच्या रिकाम्या सीटवर आडवा झाला आणि पाठ टेकताक्षणी घोरू लागला. पाऊण तास गेला. उठल्यावर थोडा वेळ रस्त्याकडेला फेऱ्या मारल्या, मगच गाडी सुरू केली. एका तरुणाची नऊ वाजता मुलाखत होती, ती हुकणार हे दिसत होते. तो चिडला आणि त्याचे चिडणे मला चुकीचे वाटले नाही. पण त्याचे नुकसान ड्रायव्हरच्या झोपेने केलेले नाही. उशीर झाल्यावर बदली माणूस न देता तीच गाडी तशीच पुढे सोडायचे ज्यांनी ठरवले, त्यांनी ते केले आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1979 मध्येच याबाबत करार केला आहे. सलग चार तास चालवल्यावर विश्रांती, दिवसाला चालवणे नऊ तासांपेक्षा जास्त नाही, चोवीस तासांत सलग दहा तास विसावा. युरोपात तर ड्रायव्हरचे तास गाडीतल्या यंत्रातच नोंदले जातात. नियम कागदावर असतात, पण वेळापत्रक कोलमडले की पहिला बळी ड्रायव्हरच्या विश्रांतीचा जातो. गाडी उशिरा पोचली म्हणून सुटायची वेळ पुढे जाते आणि मधला आराम गळतो. थांब्यावर गाडीची वाट बघत बसलेला वेळ तर सर्रास आराम म्हणून धरला जातो. उभ्या गाडीत, गोंगाटात, आता बोलावतील की मग, अशा अवस्थेत कोणाला झोप लागते?

तिकिटाबरोबर मोबाइलवर गाडीचा नंबर येतो, सीटचा नंबर येतो, क्लीनरचा फोन नंबर येतो. त्यातच ड्रायव्हर कुठे आणि किती वाजता बदलणार, ही एक ओळ यायला काय हरकत आहे? आणि गाडी दोन तासांपेक्षा जास्त उशिरा आली, तर ताजा ड्रायव्हर मिळेपर्यंत ती सुटू नये, असा बस चालवणाऱ्यांवर दंडक असावा. आम्ही प्रवासी त्यासाठी थांबू. थांबलेच पाहिजे. त्या रात्री नळावरून त्याला परत बोलावणाऱ्यांत मी होते, याचे मला अजून वाईट वाटते.

परतीच्या प्रवासात चढण्याआधीच मी खिडकीवर विचारले, "ड्रायव्हर कुठे बदलणार?" आतला माणूस आधी वैतागला. असे कोणी विचारत नाही, म्हणाला. मग त्याने फोन लावला आणि गावाचे नाव, वेळ दोन्ही सांगितले. दोन मिनिटांचे काम होते. तेवढे रोज, कोणी न विचारता, तिकिटावर छापून मिळावे.

आपली,
एक नियमित वाचक