मुक्ता, कपडा कुठे संपतो ते बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू तो फोटो पाठवलास ना, पाच बायकांची चित्रं आणि खाली फळांची नावं, आणि वर तुझा मेसेज की आई मी यातली पेअर आहे, म्हणजे वर बारीक आणि खाली भरलेली, तर मी आता काय काय घालायचं नाही ते सांग. फोनवरच सांगणार होते पण तुझ्या मीटिंगा संपत नाहीत आणि इकडे लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत, म्हणून रात्री मशीन झाकून टाइप करत बसलेय. लांबलं तर दोनदा करून वाच.

काय घालायचं नाही अशी यादी मी देणार नाही. इतकी वर्षं बायकांची मापं घेतेय, त्या चित्रातल्यासारखी कुणी आली नाही गं. कुणाचे खांदे रुंद आणि पोट पण सुटलेलं, कुणाची छाती भरलेली आणि पाय काड्या, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असणाऱ्या तर कितीतरी. ती मधे बारीक, वर-खाली भरलेली अवरग्लास फिगर असते ना, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीने सहा हजारांवर बायकांची मापं तपासली तर त्यातल्या जेमतेम ८ टक्के तशा निघाल्या आणि ४६ टक्के सरळसोट. म्हणजे तिथे सुद्धा मासिकं बघून बायका उगाच झुरतायत. आपल्याकडे तर इंडियन साइज म्हणून धड चार्टच नव्हता, निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने २०१८ मध्ये सहा शहरांत २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचा प्रकल्प जाहीर केला तो त्याचसाठी. त्यामुळे एका दुकानात एम आणि दुसऱ्यात एक्सएल झालं की तोंड पाडून बसत जाऊ नकोस, लेबलवर काय लिहिलंय ते तुझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

आता कामाचं. नजर कुठे जाते माहितीय? जिथे कपडा संपतो तिथे. बाहीची कड, कुर्त्याचा घेर, टॉपची पट्टी, ब्लाऊजची खालची कड. म्हणून जिथे आपण सगळ्यात रुंद आहोत बरोब्बर तिथे कड येऊ द्यायची नाही, एवढं सांभाळलं तरी अर्धं काम झालं. तुझे ते सीटवर संपणारे शॉर्ट कुर्ते मला म्हणून आवडत नाहीत, तेच चार बोटं वर कंबरेशी थांबले किंवा सरळ गुडघ्याखाली गेले तर छान दिसतील. दंड भरलेले असतील तर बाही दंडाच्या मध्यात थांबवायची नाही, कोपरापर्यंत नाहीतर थ्री फोर्थ. काकूला हे सांगून थकले, तिला ती कॅप स्लीव्हच पाहिजे असते, असो.

दुसरं, जे दुरुस्त होत नाही त्याच्या मापाने घ्यायचं. रेडिमेड कुर्त्याचा खांदा दुरुस्त करणं म्हणजे सगळी बाही उसवायची, मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो काखेचा गोल, परत कापायचा, कोणी टेलर खुशीने करत नाही. तुझा खांदा लहान आणि सीट मोठी, तर सीटसाठी मोठी साइज घेतलीस की खांदे दंडावर उतरतात आणि आख्खी मुलगी उधारीच्या कपड्यात असल्यासारखी दिसते. खांद्याच्या मापाने घे, पण खाली पसरत जाणारा, ए लाइन नाहीतर कळ्यांचा घे म्हणजे सीटचा प्रश्नच येत नाही. जीन्सचं उलटं, ती सीटच्या मापाने घ्यायची, कंबर मागून आत घेता येते. आणि कुठलाही कपडा घेताना आतून उलटा करून माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, किती सोडलीय ते बघत जा, रेडिमेडवाले फार कंजूष असतात, अर्धा इंच पण नसेल तर उद्या सैल करायचा म्हटलं तर काय करणार.

ट्रायल रूममध्ये पोट आत घेऊन आरशासमोर उभी राहू नकोस. खाली बस, दोन्ही हात वर कर, मग सुरकुत्या बघ. छातीवर आडव्या सुरकुत्या पडल्या की तिथे घट्ट आहे. कंबरेशी कापड गोळा होतंय म्हणजे कंबर जाड नाहीये, खाली सीट अडकतेय आणि कुर्ता वर चढतोय. बाजूचे कट उभं राहिल्यावर फाकतात का ते पण बघ, फाकले तर सीटला जागा कमी आहे, मग तो कितीही आवडला तरी ठेवून दे.

ब्लाऊजचं तर मी रोज ऐकते, ताई मुंढा मोठा करा हात वर होत नाही. मुंढा जेवढा खोल तेवढा हात वर केला की आख्खा ब्लाऊज वर येतो, पोट उघडं पडतं. मुंढा काखेला लागून पाहिजे, मग हात मोकळा. हे पटवायला मला एकेकीला कच्चा टाका घालून दाखवावं लागतं. छाती भरलेली असेल तर कटोरी नाहीतर प्रिन्सेस कट, व्ही किंवा पान गळा, बंद गळ्याने छाती अजून भरलेली दिसते. टक्सचं, म्हणजे छातीला आकार द्यायला घालतो त्या निमुळत्या चुणीचं, टोक उभाराच्या इंचभर अलीकडे थांबलं पाहिजे, वर गेलं की टोक निघतं आणि मग कितीही भारी कापड असू दे. आणि माप देताना जी ब्रा रोज घालणार तीच घालून यायचं, जुनी सैल घालून येतात आणि मग ब्लाऊज बसला नाही म्हणून मला बोलतात.

कापडाचं लक्षात ठेव, कडक कापड अंगापासून लांब उभं राहतं, त्याने माणूस भरलेला दिसतो. म्हणून ऑर्गन्झा, स्टार्च केलेली कॉटन साडी तुझ्या रूममेटसारख्या बारीक मुलींना शोभून दिसते, चुण्याच्या बाह्या, बोट नेक सगळं तिला चालेल. पोट सुटलेल्यांना क्रेप, जॉर्जेट, मऊ धुतलेलं कॉटन बरं, पण अंगाला चिकटणारं सिंथेटिक नको. मावशी पावणेपाच फूट आणि तिला रुंद काठाचीच पैठणी पाहिजे, निम्मी उंची काठातच जाते, तिला बारीक काठाची नारायणपेठ काय सुंदर दिसते. पण हौसेची पैठणी आहे तर नेसू दे की, फक्त ब्लाऊज साडीच्याच रंगाचा शिव म्हटलं, कॉन्ट्रास्ट केलास तर मधे अजून एक तुकडा पडेल. नऊवारीला बाकी साइजच नाही, कुठल्याही अंगाला बसते.

आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं हे पण सगळं खरं नाही हं. हेल्महोल्ट्झ म्हणून जर्मन शास्त्रज्ञ होता, त्याने १८६७ मध्येच लिहून ठेवलंय की आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसतो, आणि २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी बाईच्या चित्रावर करून बघितलं तर आडव्या पट्ट्यांनी जाड दिसत नाही असंच निघालं. माझं मत विचारशील तर कपडा घट्ट असेल तर पट्ट्या वाकड्या होतात, तेवढंच सांभाळायचं. काळ्याने बारीक दिसतं ते मात्र थोडं खरं, घड्या आणि सावल्या त्यात दिसत नाहीत. पण म्हणून बाराही महिने काळं घालून फिरायचं का? संक्रांतीला चंद्रकळा नेसलीस ते छानच दिसलं, रोज ऑफिसला काळा कुर्ता बघून मला कंटाळा येतो. तू रंगाने गोरी नाहीस म्हणून पिवळा घालू नको असं आत्या म्हणाली होती ना, तिला सांग आई म्हणाली हळदीचा पिवळा तुलाच दिसतो.

बाकी तुझी मांडी मोठी, हे आजीकडून आलंय, माझ्याकडे पण आहे, काही बिघडलं नाही.

मैत्रिणीच्या लग्नाचा ब्लाऊज मीच शिवणार, तिकडच्या बुटीकला हजारो रुपये देऊ नकोस. रविवारपर्यंत मापं पाठव. टेप रूममेटला धरायला सांग, स्वतः घेतलीस तर चुकतील. खांदा हाडापासून हाडापर्यंत, छाती श्वास सोडून, मुंढा हात खाली सोडून, मागच्या गळ्याची खोली वेगळी लिही. टेपखाली दोन बोटं जातील एवढं सैल. आणि तो निळा कुर्ता येताना घेऊन ये, त्याला आत माया आहे, सीटला उसवून देते.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी विचारलंय गाडी कितीची आहे.