'ट्रेझर आयलंड'मधील 'ड्यूटी'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि मुलांसाठी केलेल्या तिच्या संक्षिप्त आवृत्त्या आजही नागपूरच्या सीताबर्डी बाजारात सहज मिळतात. संक्षेपात नकाशा, चाचे आणि खजिना शाबूत राहतात. गळतो तो 'ड्यूटी' हा शब्द, ज्यावर मूळ कादंबरीत माणसांची पारख होते. रेल्वेत किंवा कोळसा खाणीत नोकरी करणाऱ्यांच्या घरांत हा शब्द रोजचाच असल्याने आपल्याकडील मुलांना तो समजावून सांगण्याचीही गरज नाही.

खजिन्याच्या शोधात निघालेल्या जहाजाचा कॅप्टन स्मॉलेट याचे जहाजाच्या मालकाशी पटत नाही, तरी आपण ड्यूटी चोख करू, असे तो सफरीपूर्वीच बजावतो. जहाजावरचा एका पायाचा स्वयंपाकी आणि बंडखोर चाच्यांचा छुपा म्होरक्या लाँग जॉन सिल्व्हर याच्या तोंडी मात्र 'ड्यूटी म्हणजे ड्यूटी' हे पालुपद आहे. ब्लॅक डॉग हा चाचा त्याच्या खानावळीतून निसटतो तेव्हा साळसूदपणे तो हेच म्हणतो, आणि पुढे जहाजावर मालकाच्या माणसांना ठार मारण्याचा कौल देतानाही हेच म्हणतो.

याच्या नेमके समोर चौदावे प्रकरण ठेवून पाहावे. टॉम नावाचा साधा खलाशी बंडात सामील व्हायला नकार देतो, दूरवर आपल्या सोबत्याची किंकाळी ऐकतो, आणि कुत्र्याच्या मौतीने मरावे लागले तरी ड्यूटीवरच मरेन, असे सिल्व्हरला तोंडावर सांगून पाठ फिरवून चालू लागतो. सिल्व्हर आपली कुबडी फेकून त्याला पाडतो आणि सुऱ्याने संपवतो. झुडपाआडून कथेचा बालनायक जिम हे पाहत असतो. टॉम आणि सिल्व्हर दोघेही हा शब्द खलाशांच्या एकाच गावंढळ उच्चारात बोलतात, त्यामुळे खरा कोण आणि खोटा कोण हे केवळ कानाने ओळखता येत नाही. कृतीच पाहावी लागते. ही लेखकाची फार मोठी करामत आहे, असे मला वाटते. शेवटी डाव फसल्यावर हाच सिल्व्हर कॅप्टनपुढे 'ड्यूटीवर परत आलोय, साहेब' म्हणून उभा राहतो, तेव्हा कॅप्टन एका हुंकारापलीकडे काहीच बोलत नाही.

टॉमचा मृत्यू मुलांना झेपणार नाही म्हणून तो गाळणे मला पटत नाही, कारण त्याच्याशिवाय सिल्व्हर हा केवळ एक गमतीदार लंगडा चाचा उरतो. आपल्या बालपुरवणीत अशा अभिजात साहसकथा क्रमशः द्यायच्या झाल्यास संक्षिप्त आवृत्तीऐवजी मूळ संहितेवरून अनुवाद करून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर