काका धावले

रत्नागिरी
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोटो बघून तू फोन केलास आणि विचारलंस, "हे आपले काकाच ना रे?" तेव्हा मी कामात होतो, धड बोलता आलं नाही. रात्री फोन करणार होतो, मग म्हटलं नको. ज्या माणसाने चाळीस वर्षं आपल्या गावची पत्रं वाहिली, त्याची गोष्ट तुला पत्रानेच कळू दे.

होय, आपलेच काका. वय ६७. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, पहिल्यापासून शेवटपर्यंत धावले. फोटोत त्यांच्या खांद्यावर गुंडाळलेला टॉवेल दिसतोय आणि तू विचारलंस तो कशाला, तर तेही सांगतो. ते सांगण्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसलोय.

नोव्हेंबरात भात झोडून झालं आणि काका डोळे दाखवायला आमच्याकडे आले. त्याच दिवशी माझी मुलगी आणि मी शर्यतीसाठी नावं नोंदवत होतो. काका चहा पीत ऐकत होते. "लांब किती?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "एकवीस." काकांनी मनात हिशेब केला. आपल्या गावातून कातळाचा सडा ओलांडून सबपोस्टात नऊ, परत नऊ. "म्हणजे आमच्या रोजच्यापेक्षा तीन जास्त," ते म्हणाले. "माझं नाव घाल गो."

काकूने फोनवरून हरकत घेतली, ती रास्तच होती. मग डॉक्टरकडे नेऊन रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम सगळं बघून घेतलं. छाती ठणठणीत निघाली. तरी मी काळजीत होतो, खोटं कशाला बोलू. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि आयुष्यात ते कधी 'धावले' असं कोणी म्हटलेलं नव्हतं. पोस्टात टपालाची थैली पायी वाहणाऱ्याला 'रनर' म्हणायचे, पण आपण तो शब्द नुसता ऐकत आलो.

पहिल्या रविवारी ओहोटीच्या वेळी त्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. ओली वाळू टणक असते, गुडघ्यांना बरी. पन्नास पावलं त्यांच्या मागे राहिलो आणि मला जे दिसलं ते तुला नीट सांगतो, कारण आपण लहानपणी हा माणूस रोज बघितला आणि तरी हे बघितलं नाही. त्यांचं पाऊल जमिनीपासून चार बोटंही वर जात नाही. गुडघा उचलत नाहीत, हात झुलत नाहीत. डोक्यावर भरली कळशी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला आहे, कायमचा. ही चाल त्यांना कोणी शिकवली नाही. कातळावर ठेच लागू नये, पावसात शेवाळल्या दगडी पाखाडीवर पाय सरकू नये, आणि थैली पाठीवर आदळू नये, एवढं सांभाळता सांभाळता ती आपोआप तयार झाली. एकदा सुरू झाली की ती ना जलद होते ना मंद. मी तासाभराने दमून बसलो. त्यांचा श्वास चहा पिताना असतो तसा.

शर्यतीच्या आदल्या रात्री त्यांना झोप येईना. पडवीत येऊन बसले. मीही जाऊन बसलो आणि त्यांना क्लिफ यंगची गोष्ट सांगितली. तू ती ऐकली असशील नसशील, मी मात्र ती कितीतरी दिवस मनात धरून होतो.

ऑस्ट्रेलियात १९८३ साली सिडनीहून मेलबर्नपर्यंत शर्यत झाली, ८७५ किलोमीटरची. तू नकाशा डोळ्यांसमोर आण. आपण रत्नागिरीहून मुंबईला जायचं, परत रत्नागिरीला यायचं आणि पुन्हा मुंबईच्या वाटेने महाडच्याही पुढे जायचं, एवढं अंतर. धावणारे सगळे तयारीचे, तरुण. त्यात हा बटाट्याची शेती करणारा ६१ वर्षांचा माणूस उभा राहिला. लहानपणी त्याच्या घरी दोन हजार मेंढरं होती आणि घोडा किंवा ट्रॅक्टर घ्यायची ऐपत नव्हती. वादळाची चिन्हं दिसली की मेंढरं गोळा करायला हाच पायी पळायचा, कधी कधी दोन-दोन, तीन-तीन दिवस. आदल्या वर्षी त्याने एक हजार मैलांच्या धावण्याचा प्रयत्न केला होता आणि तो निम्म्यावर सोडून द्यावा लागला होता. तरी हा पुन्हा उभा राहिला.

पहिल्या दिवशी तो बराच मागे पडला. रात्र झाली तसे बाकीचे झोपले, कारण शर्यतीत सहा तास झोपायचं असा तेव्हा सगळ्यांचा रिवाज. त्याच्या सोबतच्या माणसांनी त्याला चुकून फार लवकर, अपरात्रीच उठवलं. हा उठला आणि चालू लागला. सकाळ झाली तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता आणि मग पुढेच राहिला. ५ दिवस १५ तास ४ मिनिटांत मेलबर्न गाठलं. आधीच्या विक्रमापेक्षा जवळजवळ दोन दिवस कमी, आणि दुसऱ्या नंबरच्या दहा तास आधी. दिवसाला दीडशेच्या वर किलोमीटर पडतात, मी हिशेब करून बघितला. तोही काकांसारखाच पाय न उचलता, जमिनीलगत सरपटवत जायचा. आधी लोकांना ते विचित्र वाटलं. पुढे लांब पल्ल्याच्या काही धावपटूंनी ती चाल उचलली, कारण अंग वरखाली कमी होतं, ताकद वाचते.

काकांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले, आणि ते त्यांचेच प्रश्न होते. "मेंढरांना कुत्रा नव्हता काय?" "पायात काय होतं?" मी सांगितलं की शेतात तो रबरी गमबूट घालून पळायचा. काका म्हणाले, "पावसाळ्यात तेच बरे, पण आत पाणी गेलं की टाच सोलते." झोपेचं सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "रात्र झाली म्हणून मेंढरं थांबतात काय?"

शेवटी बक्षिसाचं सांगितलं. दहा हजार डॉलर होते. असं काही बक्षीस आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि मिळालं तेव्हा त्याने ते बरोबरच्या धावपटूंमध्ये वाटून टाकलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकीचेही तेवढंच चालले ना." आणि उठून झोपायला गेले.

पहाटे चारला काकूने करून दिलेली पेज, मीठ घालून, आणि आमसुलाचं पाणी. आपल्याकडे जानेवारीतही हवा दमट, घाम अंगावरच राहतो, वाळत नाही. घाटावरून आलेली मुलं इथे लवकर थकतात ती त्यानेच. निघण्यापूर्वी छातीवरचा नंबर लावला. काकांनी चारही पिनांवर एकेक करून अंगठा दाबून बघितला. मला एकदम आठवलं, पोस्टमास्तर लाख वितळवून सुतळीच्या गाठीवर पितळी शिक्का मारायचे आणि काका थैली उचलण्याआधी अशाच अंगठ्याने ती लाख चाचपायचे. गार झाली, धरली, मगच निघायचं.

सहाला सुटलो. भाट्याच्या पुलावर अजून अंधार होता, खाडीवरून गार वारा. नारळ संशोधन केंद्र, झरी विनायक, मग फणसोपची चढण. मुलं भराभर पुढे निघून गेली. काका आपल्या चालीने, पण ती चाल मला ओळखीची वाटेना. डावीकडे झुकत होते, मध्येच पाय अडखळत होता. मी विचारलं, "काही दुखतंय का?" तर म्हणाले, "दुखत काय नाय. खांद्यावर काय नाय ना, म्हणून जमत नाय." पाचव्या किलोमीटरला थांबले. माझ्याकडचा टॉवेल मागून घेतला, त्यात पाण्याच्या दोन भरल्या बाटल्या गुंडाळल्या, तोंडाला गाठ मारली आणि डाव्या खांद्यावर टाकला. दोनदा उसळवून जागेवर बसवला. आणि मित्रा, दहा पावलांत ते सरळ झाले! तो फोटोतला टॉवेल.

त्यानंतर मी फक्त मागे राहायचं काम केलं. कसोप, कुर्धे, दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा, आंब्याच्या मोहोराचा वास इतका की घसा भरून यावा. गोळपच्या अलीकडून परत फिरलो तेव्हा ऊन आलं होतं. चढणीवर आम्हाला मागे टाकून गेलेली मुलं आता कमरेवर हात ठेवून चालत होती. काका कोणाकडे न बघता एकेकाच्या बाजूने पुढे सरकत होते. मी मोजले. मला दिसले तेवढे एकतीस.

एक गोष्ट मात्र मला डाचते. परतीच्या वाटेवर पाण्याची एक जागा आम्ही पोचेपर्यंत आवरून टाकली होती. टेबल मिटलेलं, रिकामे कागदी पेले गटारात. पुढचे गेले की शर्यत संपली असं मानणाऱ्यांनी साठीच्या माणसांचे पैसे तरी घेऊ नयेत. मी आयोजकांना तसं लिहून दिलंय. काका काही बोलले नाहीत. रस्त्याकडेच्या घरात एक बाई अंगणात शेण सारवत होती, तिने हात धुऊन तांब्या भरून आणला आणि वर गुळाचा खडा दिला. खांद्यावरच्या बाटल्या काकांनी उघडल्या नाहीत. त्या पिण्यासाठी नव्हत्याच.

सोळाव्याला माझ्या पोटरीत गोळा आला. काका थांबले, वाकले, पोटरी चोळू लागले. मी म्हटलं, तुम्ही जा. ते ऐकेनात. शेवटी म्हटलं, "काका, टपाल थांबवायचं नसतं." तेव्हा गेले. त्यांची पाठ मला बराच वेळ दिसत होती. उतरलेला खांदा, पांढरा टॉवेल, आणि टाचा, ज्या उचलल्याच जात नव्हत्या. वळणापलीकडे गेले आणि मी तिथेच दगडावर बसून रडलो. का ते तुला सांगावं लागणार नाही.

२ तास ४१ मिनिटं. साठीच्या पुढच्या गटात चौथे. पहिल्या तिघांना बक्षीस होतं. मुलगी सांगते, रेषा ओलांडल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर टॉवेल खाली उतरवून तिच्या हातात दिला आणि दोन्ही बाटल्या आहेत ना बघायला सांगितलं.

आता जे लिहायचं ते तुझ्यासाठी आहे. रात्री पाय गरम पाण्यात ठेवून काका बसले होते. मी विचारलं, चाळीस वर्षांत सगळ्यात कठीण कधी गेलं? मला वाटलं पूर सांगतील, पऱ्याला पाणी आलं होतं तेव्हाचं, किंवा फुरसं चावता चावता राहिलं ते. ते म्हणाले, "संपाचं साल." तुला आठवत असेल. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा आपण नऊ-दहा वर्षांचे. आपल्या वाडीत घरटी एक माणूस गिरणीत. काका म्हणाले, "त्याआधी महिन्याच्या दहा-बारा तारखेला मनिऑर्डरींनी थैली भरायची. सड्यावरून येताना खांदा तुटायचा, पण पाय आपसूक यायचे. संप झाला नि थैली हलकी झाली. थैली हलकी की वाट संपता संपत नाय रे. मला ठावक असायचं आत काय नाय, नि ठावक असायचं कोण कोण दारात उभं हाय."

मग तुझ्या आईचं सांगितलं. ती रोज पायरीवर उभी असायची. काकांना रोज सांगावं लागायचं, "आज काय नाय, वैनी." काही दिवसांनी ती विचारायचीच बंद झाली, नुसतं बघायची. काका म्हणाले, तेव्हा वाटायचं वाट बदलून वरच्या पाखाडीने जावं, म्हणजे तुमचं घर लागणार नाही. एकदाही गेले नाहीत. काही नसलं तरी दारात जाऊन सांगून यायचे. आणि वर्ष उलटून गेल्यावर तुझ्या बाबांची पहिली मनिऑर्डर आली, साठ रुपयांची, तेव्हा ती घेऊन काका सबपोस्टातून निघाले ते सगळा सडा पळत आले. "तेवढा एकदाच मी पळालो," असं म्हणाले. "आजचं ते चालणंच."

हे तुला कोणी सांगितलं नसणार. तुझ्या आईलाही कदाचित पळत आले हे ठाऊक नसेल. आता ती ऐंशीच्या घरात आहे, हे पत्र तिला वाचून दाखव. जमलं तर शिमग्याला दोघं या. पालखी घरी येईल तेव्हा काका असतातच, त्यांना भेटव.

काका आज गावी जायला निघालेत. पत्र लिहितोय म्हटल्यावर पेटीत टाकू नको, मी काउंटरला देतो म्हणाले. चपला घालून दारात उभे आहेत, तीनची डाक चुकेल म्हणून दोनदा आत डोकावून गेले. काकू तुझ्यासाठी कुळथाचं पीठ पाठवणार होती, ते एसटीने वेगळं येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
जुना बाकमित्र